खेळ पाहत बसलेला राजा

शाळेत आम्हाला देवगिरीच्या यादवांची वंशावळ पाठ करावी लागे. भिल्लम, जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र. मास्तरांनी तिला चाल लावून दिली होती आणि संध्याकाळी परवचा म्हणावा तशी आम्ही ती एका सुरात म्हणत असू. महादेवापाशी श्वास घ्यायचा आणि रामचंद्रावर थांबायचे. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की जिथे आम्ही श्वास घेत होतो, नेमक्या त्या जागी एक राजा होता. आमणदेव त्याचे नाव. त्याचे राज्य इतके थोडे दिवस टिकले की पोरांच्या चालीत ते बसेना, म्हणून कोणी तरी ते गाळून टाकले असावे.

मोठ्या राजांविषयी लिहायला मोठी माणसे आहेत. मला आपले या आमणदेवाचेच कुतूहल. तो १२७०-७१ च्या सुमारास गादीवर बसला आणि वर्षभरात गादीवरून ओढला गेला. एवढ्याशा कारकिर्दीतली एकच गोष्ट लोकांनी ध्यानात ठेवली. राजाला नाचगाण्याचा आणि नाटकांचा नाद होता, आणि त्या नादातच त्याचे राज्य गेले. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जिंकणाऱ्याच्या बाजूचे, हे खरे. पण ती मला खोटी वाटत नाही. खेळाच्या नादात पायाखालची जमीन गेलेला एक माणूस मी आमच्या घरातच पाहिला आहे. त्याच्याविषयी पुढे सांगेन. आधी यादवांच्या घरातले सांगतो.

सिंघण हा यादवांचा सर्वांत पराक्रमी राजा. त्याचा मुलगा जैतुगी बापाच्या हयातीतच वारला, म्हणून १२४६-४७ च्या सुमारास गादी नातवाकडे, कृष्णाकडे गेली. कृष्णाने तेरा-चौदा वर्षे राज्य केले. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. मग कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव गादीवर बसला. आमणदेव हा या महादेवाचा मुलगा.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यापुढचे सांगावे लागत नाही. थोरला भाऊ अकाली जातो, त्याचे पोर अजाण असते, धाकटा कारभार हाती घेतो. तो माणूस चांगलाही असतो. पुतण्याला पोटच्या मुलासारखे वागवतो. पण ‘मुलासारखे’ या शब्दातले ‘सारखे’ पुतण्याला वयात आल्यावरच ऐकू येते. महादेवाने दहा वर्षे राज्य केले. त्या दहा वर्षांत रामचंद्राला मिसरूड फुटले आणि आमणदेवही वाढला. चुलत्याने डोळे मिटले तेव्हा एका गादीचे दोन धनी उभे होते. रामचंद्र म्हणणार, मी थोरल्या पातीचा, गादी माझ्या बापाची. आमणदेव म्हणणार, काल जो राजा होता त्याचा मी मुलगा. दोघांचेही म्हणणे खरे. एकाचे खोटे असते तर भांडण पंचांपुढे मिटले असते. दोघांचे खरे असते तेव्हाच भाऊबंदकी होते.

महादेवाविषयी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो तो. देवळांच्या बांधणीला आपण आजही त्याचे नाव लावतो. या हेमाद्रीने आपल्या धन्याची मोठी प्रशस्ती लिहून ठेवली आहे. महादेव स्त्रीवर, बालकावर आणि शरण आलेल्यावर हात टाकत नाही, असे तो म्हणतो. हे ठाऊक असल्यामुळेच तेलंगणाने एका स्त्रीला सिंहासनावर बसवले आणि माळव्याने एका बालकाला! तेलंगणाची ती स्त्री म्हणजे काकतीयांची राणी रुद्रमा. ती कोणाच्या दयेवर राज्य करीत नव्हती, हे इतिहास जाणतो. प्रशस्ती म्हटली की अतिशयोक्ती आलीच. पण राजाची थोरवी सांगताना हेमाद्रीला याच गुणाची आठवण व्हावी, याची मला मौज वाटते. तलवार कुठे थांबते यावरूनही राजाची परीक्षा होते, एवढे तरी त्या दरबाराला कळत होते.

आणि त्याच दरबारात, त्याच राजाच्या मुलाचे पुढे जे झाले ते असे.

आमणदेव देवगिरीवर बसला आणि रामचंद्र आपली विश्वासाची माणसे घेऊन बाहेर पडला. दरबारातल्या वजनदार लोकांचा ओढा त्याच्याकडे होता असे दिसते. पण किल्ला आमणदेवाच्या हाती होता, आणि किल्ला देवगिरीचा होता. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मी तिथे तीनदा गेलो. एकदा तर असाच दिवाळीच्या सुमारास गेलो होतो, तेव्हा दरवाज्याबाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या आणि आमच्या मंडळींचे निम्मे लक्ष तिकडेच होते. सपाट माळावर तो डोंगर एकटाच उभा आहे. खालचे कडे असे तासलेले की त्यावर घोरपडही चढू नये. कड्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. वर जायला एकच वाट, आणि तीही ‘अंधारी’ नावाच्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारातून. वाटाड्या मशाल पेटवून नेतो आणि मध्येच ती आडोशाला धरून विचारतो, “बघा, आता काही दिसतंय का?” बायका एकमेकींचे हात घट्ट धरतात, पोरे ओरडतात. गोवळकोंड्याच्या तानाशहाला कोंडले होते तो चिनी महाल दाखवतात. आमणदेवाची जागा कोणी दाखवत नाही.

असा किल्ला लढून घेता येत नाही. तेव्हा रामचंद्राने तो खेळ करून घेतला.

राजाला नाटकाचा नाद आहे, हे सगळ्यांना माहीत होते. एक नटांचा मेळा देवगिरीवर खेळ करायला निघाला. रामचंद्राच्या माणसांनी त्या मेळ्याशी संधान बांधले. पाठीवर शस्त्रे बांधून आलेल्यांना जो दरवाजा उघडला नसता, तो पायांत घुंगरू बांधून आलेल्यांना उघडला. रामचंद्र आणि त्याचे सोबती नटांच्या वेषात आत आले. आमणदेव खेळ बघायला बसला. खेळ रंगला, आणि ऐन रंगात आला असता सोंगे घेतलेल्या माणसांनी सोंगे टाकली. राजा धरला गेला. महानुभावांच्या जुन्या परंपरेत ही हकीकत येते, आणि खुद्द रामचंद्राच्या १३१० सालच्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटातही येते. त्यानंतर आमणदेवाला बंदीत टाकले आणि त्याचे डोळे काढले.

डोळेच का, याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. महाभारत ज्या घरात वाचले जाते त्या घरात ते लहान मुलांनाही माहीत असते. धृतराष्ट्र थोरला होता, पण आंधळा होता, म्हणून गादी पंडूला मिळाली. आंधळ्याला राज्य नाही. भावाला मारले तर भ्रातृहत्येचे पातक. डोळे काढले तर भाऊही उरतो आणि त्याचा हक्कही संपतो. याला त्या काळी कोणी दयासुद्धा म्हटले असेल. मला मात्र त्या दयेपेक्षा तलवार बरी वाटते. एक तर तो माणूस बघण्याचा शौकीन. आणि दुसरे असे की, खेळ बघायला बसलेला माणूस आपले डोळे घटकाभर समोरच्यांच्या स्वाधीन करतो. तुम्ही दाखवाल ते मी बघेन, तुम्ही राम म्हणाल तर राम, रावण म्हणाल तर रावण, असा तो करार असतो. त्या करारावर बसलेल्या माणसाचे डोळे गेले.

आता आमच्या घरातले सांगतो. आमचे गाव कृष्णाकाठचे. आजोबांना एक चुलतभाऊ होते, त्यांना आम्ही पोरे तात्या म्हणत असू. तात्यांना संगीत नाटकांचे विलक्षण वेड. कंपनीचा मुक्काम जवळपास कुठेही पडला की तात्या घरातून नाहीसे होत, आणि मुक्काम हलला की दाढी वाढवून, डोळे तांबारून परत येत. घरची जमीन थोडीच. दोघांच्या नावे सामायिक. एका संध्याकाळी आजोबांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. तात्यांची बैलगाडी दाराशी उभी होती, नांदी चुकायला नको होती. त्यांनी उभ्या उभ्याच सही ठोकली. त्या सहीने जमीन एकट्या आजोबांच्या खात्यावर गेली.

आजोबा वाईट माणूस नव्हते. हे मी नातू म्हणून बोलत नाही, गाव म्हणे. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी आपले पेव लोकांसाठी उघडले. बांधावर आंबे लावले. आमच्या शिक्षणाला पैसा कमी पडू दिला नाही. तात्यांच्या हाती जमीन राहिली असती तर ती नाटकवाल्यांच्या भाड्यात गेली असती, असे सगळे म्हणत, आणि ते खरेही असेल. तात्या पुढे मुंबईला एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. दर दिवाळीला मात्र गावी येत. आमच्यासाठी फुलबाज्यांची पाकिटे आणत. पाडव्याला फराळ करताना आजोबा हटकून त्या सहीची गोष्ट काढत. “याला नांदीची घाई, आणि मी म्हणतोय अरे वाच तरी!” असे म्हणून पोट धरून हसत. सगळे हसत. तात्याही हसत. मग आजी काही न बोलता त्यांच्या पानात आणखी एक करंजी वाढी.

रामदेवरायाविषयी विचार करताना मला नेहमी आजोबा आठवतात. रामदेवराय म्हणजे आपल्या मराठी मनाचा लाडका राजा. पंढरपूरच्या देवळाला ज्यांनी दाने दिली त्यांची यादी ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती १२७३ ते १२७७ च्या दरम्यान कोरली गेली, त्याच्याच अमदानीत. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पुरी झाली, आणि तिच्या शेवटी याच राजाचे नाव आदराने येते. महानुभावांचे लेखन याच काळातले. आपली भाषा ज्या अंगणात रांगली ते अंगण त्याचे होते. अशा राजाने गादीवर येताना आपल्या भावाचे डोळे काढले, हे वाचले की मन पहिल्यांदा म्हणते, नसेल काढले. मग म्हणते, काढले असतील, पण त्या काळी सगळेच काढत. मग म्हणते, आमणदेवाच्या हाती राज्य राहते तर नाचगाण्यात गेले असते. या तिन्ही गोष्टी आमच्या पाडव्याच्या फराळात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आंबे गोड होते म्हणून सही खरी होत नाही. आणि सही खोटी म्हणून आंबे कडू झाले असेही नाही. दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात, याला इलाज नाही.

हेमाद्रीने काय केले? तो होता तिथेच राहिला. महादेवाच्या दयेची प्रशस्ती लिहिणारा हा विद्वान महादेवाच्या मुलाचे डोळे काढणाऱ्याचाही श्रीकरणाधिप झाला. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात त्याचे नाव मानाने आले आहे. कारभार चालूच ठेवावा लागतो. सारा वसूल व्हावा लागतो, देवळांना दाने द्यावी लागतात. गादीवर कोण बसले हे न पाहता हिशेब लिहिणारी माणसे नसती तर राज्ये एका रात्रीत मोडली असती. तरी पण आपली ती जुनी प्रशस्ती पुन्हा त्याच्या हाती कधी आली असेल, तर त्या ओळीवर त्याचे बोट थोडे थांबले असेल, असे मला वाटत राहते.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त त्यातला एक धागा ओढून दाखवतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर आला. तो तेव्हा सुलतान नव्हता. सुलतान जलालुद्दिनाचा पुतण्या आणि जावई होता, कड्याचा सुभेदार होता. फिरिश्त्याने लिहिले आहे की वाटेत त्याने आवई उठवली : मी चुलत्यावर रुसून निघालो आहे आणि राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललो आहे. म्हणजे तोही सोंग घेऊनच आला! यादवांची फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेली होती. घाईघाईने किल्ल्यात धान्याची म्हणून जी पोती चढवली ती उघडली तर आत मीठ निघाले, अशी हकीकतही फिरिश्ताच सांगतो. सोंग करून घेतलेला किल्ला पंचवीस वर्षांनी सोंगापुढेच नमला.

देवगिरीचे सोने घेऊन अल्लाउद्दीन परतला आणि त्याच वर्षी त्याने चुलत्याचा खून करवला. दिल्लीत जलालुद्दिनाचा धाकटा मुलगा रुक्नुद्दीन इब्राहीम गादीवर बसवला गेला होता. अल्लाउद्दीन वाटेत मुक्कामामुक्कामाला सोने उधळीत दिल्लीकडे निघाला, आणि रुक्नुद्दिनाची माणसे त्याला येऊन मिळाली. त्या पोराचे राज्य काही महिन्यांत आटोपले. मग त्याचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे डोळे काढले गेले.

रामदेवरायाची एक मुलगी अल्लाउद्दिनाची राणी झाली. फार्सी लेखनातून तिचे नाव ‘झत्यपाली’ असे काहीसे वाचतात. हे सांगणारा इतिहासकवी इसामी. १३२७ मध्ये दिल्लीकरांना दौलताबादेला हलवले, त्यात पोरवयाचा इसामी म्हाताऱ्या आजोबांबरोबर निघाला होता. आजोबा वाटेतच गेले. पुढे इथेच दख्खनेत राहून १३५० मध्ये त्याने आपला ग्रंथ पुरा केला. देवगिरीच्या मुलीची गोष्ट देवगिरीच्या सावलीतच लिहिली गेली. तो म्हणतो, या राणीच्या पोटी शिहाबुद्दीन उमर झाला. म्हणजे आपल्या रामदेवरायाचा दौहित्र.

१३१६ च्या जानेवारीत अल्लाउद्दीन मेला. मलिक काफूरने या पाच-सहा वर्षांच्या पोराला दिल्लीच्या तख्तावर बसवले, कारण लहान पोराच्या नावाने मोठ्यांना राज्य करता येते. मोठ्या राजपुत्रांचे, खिज्रखान आणि शादीखान यांचे, डोळे काढवले. महिना-सव्वा महिन्यात काफूर स्वतःच मारला गेला. सावत्र भाऊ मुबारक आधी पोराचा कारभारी झाला आणि एप्रिलमध्ये स्वतः सुलतान. पोराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवले आणि त्याचेही डोळे काढले. १३१८ मध्ये हाच मुबारक देवगिरीला आला. रामदेवरायाचा जावई हरपालदेव याने बंड केले होते. त्याला हालहाल करून मारले. परतताना वाटेत आपल्याविरुद्धचा कट त्याला कळला, आणि त्याने ग्वाल्हेरला माणसे पाठवून त्या आंधळ्या भावांनाही संपवले. जावई आणि नातू दोघेही एकाच स्वारीत गेले.

केले तसे भरले, असे म्हणायला इथे जीभ वळवळते. मी म्हणणार नाही. सहा वर्षांच्या पोराने काय केले होते? आजोबाच्या पापाची वसुली नातवाच्या डोळ्यांतून करणारा हिशेब मला देवाचा वाटत नाही. तो माणसांचाच धंदा आहे. एवढेच दिसते की ही रीत एकदा घरात आली की ती आपलीच राहत नाही. आज आपण दुसऱ्याच्या मुलावर वापरतो, उद्या दुसरा आपल्या मुलावर. महादेवाची तलवार बालकापाशी थांबत होती म्हणतात. ती थांबण्याची जागा एकदा पुसली गेली, की पुन्हा कोणाला सापडत नाही.

त्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. तो १३१० चा. तोवर रामदेवराय म्हातारा झाला होता. काफूरने त्याला कैद करून दिल्लीला नेले होते. तिथून ‘राय-इ-रायान’ हा किताब आणि अल्लाउद्दिनाचे मांडलिकपण घेऊन तो परत आला होता. एकदोन वर्षांत तो मरणार होता. गोदाकाठच्या एका गावचे दानपत्र करताना त्याच्या कवीने धन्याचे सगळे पराक्रम ओळीने मांडले, आणि त्यांत त्या खेळाची गोष्टही मोठ्या दिमाखात घातली: कसे नटांच्या वेषात गेलो, कसा आमणदेव बघत बसला होता. चाळीस वर्षे होत आली होती, तरी ती अजून विजयाचीच गोष्ट होती. त्याच सुमारास, दिल्लीच्या महालात, त्याच्या मुलीच्या मांडीवर उमर खेळत असेल.

तो भाग वाचला की मला आमच्या ओसरीवरचे आजोबांचे हसणे ऐकू येते. त्या हसण्यात सगळे सामील होत. मी लहान होतो, मीही हसत असे, कारण तात्या हसत होते. तात्या जाऊन पन्नास वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत नाटकांच्या जुन्या हस्तपत्रिकांचा गठ्ठा सापडला, नीट सुतळीने बांधलेला. त्यांतल्या एकीच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली होती, ज्या दिवशी सही केली तिची, आणि खाली एवढेच: “नांदी सापडली.”